मोडके सांधण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, विणकाम, मुलांचे आरोग्य अशा विषयांवर बोलण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी माझा विषय कळवला तेव्हा चिटणीसबाईंनी विचारले, "गोंद? म्हणजे डिंकाचे लाडू का?" मी म्हटले, "नाही हो, मोडके प्लॅस्टिक चिकटवायचा गोंद." त्या हसल्या. तुम्हीही हसाल. पण जरा ऐकून घ्या.

आपल्या प्रत्येकीच्या घरात एक खण असतो. त्यात सुटी बटणे, रबरबँड, संपलेले सेल आणि तोंड सुकलेली गोंदाची एक ट्यूब असते. घरात काही मोडले की ती ट्यूब काढायची, थेंब टाकायचा, दाबून धरायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. चिकटले तर गोंद चांगला, नाही चिकटले तर गोंद वाईट. मीही वीस वर्षे असेच करीत आले. त्यात चूक काय आहे, हे मला ज्या प्रसंगाने शिकवले तो आधी सांगते. सांगायला जड जाते, पण त्यावाचून पुढचे बोलणे पोकळ होईल.

२०२२ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या न्हाणीतल्या बादलीचा एक कान तुटला होता. कान म्हणजे कडी जिथे अडकते तो भाग. बादली बाकी धडधाकट होती. नवी घ्यायला जिवावर आले. मी पाच-दहा रुपयांची झटपट चिकटणारी ट्यूब आणली, कान बसवला, वर आणखी चार थेंब ओतले. अर्ध्या तासाने ओढून पाहिले तर घट्ट. मला मोठा अभिमान वाटला. दोन दिवस बादली थंड पाण्याला वापरली, काही झाले नाही.

तिसऱ्या दिवशी गीझर बंद पडला. मी गॅसवर पाणी तापवून त्याच बादलीत ओतले आणि डाळ उतू जाते म्हणून शेगडीकडे वळले. तेवढ्यात सासूबाईंनी बादली उचलली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि कान निसटला. सगळे पाणी त्यांच्या डाव्या पायावर. आम्ही पाय नळाच्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरला आणि लगेच डॉक्टरांकडे नेले, म्हणून जखम आणखी चिघळली नाही. तरी तीन आठवडे त्यांना पाय धड टेकवता आला नाही.

तुमच्यापैकी पुष्कळजणी तेव्हा भेटायला आल्या होत्या. "कसे हो झाले?" असे प्रत्येकीने विचारले, आणि प्रत्येकीला आईंनी एकच उत्तर दिले, "माझाच तोल गेला, वयच झाले." मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असायची आणि काही बोलत नसे. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते : त्यांचा तोल गेला नव्हता. मी चिकटवलेला कान गेला होता.

नंतर तो तुटका कान मी हातात घेऊन पाहिला. गोंदाचा थर अख्खाच्या अख्खा, जखमेवरची खपली निघावी तसा सुटून आला होता. गोंद फुटला नव्हता. त्याने बादलीला धरलेच नव्हते.

माझे धाकटे दीर भोसरीला एका कारखान्यात प्लॅस्टिकच्या साच्यावर काम करतात. त्यांना मी तो तुकडा दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही गोंद कोणता ते बघितलंत, पण बादली कशाची आहे ते बघितलंत का?" मी म्हटले, "प्लॅस्टिकची." ते म्हणाले, "हे म्हणजे भांडं धातूचं आहे म्हणण्यासारखं झालं."

हे मला एकदम पटले. आपल्या पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे कोणी भांडे नेले तर कारागीर आधी ते हातात घेऊन बघतो, तांब्याचे की पितळेचे. त्याप्रमाणे तो काम ठरवतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला कल्हई करा म्हणून आपण कधी कल्हईवाल्याकडे गेलो नाही. धातूंच्या बाबतीत आपल्या आज्यांना जे ठाऊक होते, ते प्लॅस्टिकच्या बाबतीत आपल्याला ठाऊक नाही. म्हणून रोग रेड्याला आणि औषध पखालीला असे होते.

तेव्हा पहिला प्रश्न : वस्तू कशाची आहे?

वस्तू उलटी करून पाहा. पुष्कळ वस्तूंच्या बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. ही खूण १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली, ती मोडीत जाणारे प्लॅस्टिक निवडता यावे म्हणून. पण आपल्याही कामाची आहे. मी सातवीपर्यंतच शिकले आहे. हा आकडा वाचायला तेवढे पुरते. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, १ म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे पेट, आणि ७ म्हणजे उरलेले सगळे. यंत्रांच्या भागांवर आतल्या बाजूला पुष्कळदा अक्षरेच असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एबीएस म्हणजे रिमोट-मिक्सरचे कठीण, चकचकीत प्लॅस्टिक.

खूण नसेल तर भाऊजींनी सांगितलेली एक घरगुती परीक्षा आहे. तुटलेल्या जागेची बारीकशी कपची काढा. वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब घाला, म्हणजे कपचीला हवेचे बुडबुडे धरत नाहीत. कपची पाण्यात नीट बुडवा आणि सोडा. वर येऊन तरंगली तर ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन समजा. तळाशी गेली तर बहुधा दुसरे काही. ही परीक्षा भरीव प्लॅस्टिकची आहे. थर्मोकोल आतल्या हवेमुळे तरंगते, त्याला ती लावू नये.

माझ्या बादलीची कपची तरंगली. बादल्या, मग, धान्याचे डबे, बागेतल्या खुर्च्या, टोपल्या हे सगळे बहुतेक याच दोन जातींचे असते. यांचा पृष्ठभाग तेल लावलेल्या तव्यासारखा असतो. तेलकट तव्यावर पाणी जसे पसरत नाही, गोळा होऊन राहते, तसा गोंद यांच्यावर नीट पसरून पकड घेत नाही. कितीही महाग गोंद आणा. कित्येक गोंदांच्या बाटल्या पॉलिथिनच्याच असतात, त्या उगीच नाहीत. आतला गोंद बाटलीलाच चिकटला असता तर विकला कसा असता?

मग यांचे करायचे काय? याचे चार मार्ग मी पाहिले आहेत. एक, तापवून सांधणे. बादल्या-टब सांधणारे लोखंडी सळई तापवून तेच प्लॅस्टिक वितळवून जोडतात. या जातींना हा सांधा खरा. पण तो त्यांच्याकडूनच करून घ्यावा. घरी गॅसवर सुरी तापवून करू नये. धूर वाईट असतो, आणि चुकून पीव्हीसी तापले तर त्यातून आम्लाची वाफ निघते. दुसरा, भोके पाडून तारेने शिवणे किंवा नट-बोल्ट लावणे. दिसायला ओबडधोबड, पण गोंदापेक्षा भरवशाचे. तिसरा, पॉलिप्रॉपिलीनसाठी असे पाकिटावर स्पष्ट लिहिलेला, आधी एक द्रव लावून मग गोंद लावायचा असा दोन भागांचा संच मिळतो. तो हलक्या वस्तूंना ठीक. चौथा, बुडाला छोटे भोक असेल तर दोन रंगांची मळून लावायची लांबी, जिला आपण सगळ्या एम-सील म्हणतो, ती भोकातून आरपार दाबून दोन्ही बाजूंना खिळ्याच्या डोक्यासारखी रुंद ठेवायची. ती तिथे चिकटून राहत नाही, अडकून राहते. थंड पाण्याला चालते.

आता बुडणाऱ्या जाती. इथे गोंद उपयोगी पडतो, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

पहिला, झटपट गोंद. त्याचे शास्त्रातले नाव सायनोॲक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना तो हाती लागला. सगळ्यालाच चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकला, आणि १९५८ साली बाजारात आला. हवेतल्या आणि वस्तूवरच्या किंचित दमटपणाने तो घट्ट होतो. म्हणून थर जितका पातळ तितका सांधा पक्का. मी वर चार थेंब ओतले होते, ते अज्ञान. रिमोटचे झाकण, खेळणे, बाहुलीचा हात अशा कठीण प्लॅस्टिकच्या स्वच्छ तुटलेल्या, एकमेकांत नीट बसणाऱ्या तुकड्यांना हा उत्तम. पण तो ठिसूळ असतो. धक्का, वाकणे आणि सतत गरम-ओले याला तो टिकत नाही. चष्म्याच्या काचेजवळ किंवा पारदर्शक डब्याला लावला तर आजूबाजूला पांढरी राख बसल्यासारखी दिसते. आणि दोन तुकड्यांत फट असेल तर हा ती भरून काढत नाही.

दुसरा, दोन नळ्यांचा इपॉक्सी, म्हणजे आपण ज्याला अरालडाइट म्हणतो त्या जातीचा. पाकिटावर लिहिले असेल त्या प्रमाणात दोन्ही भाग घ्यावे आणि लाडवाच्या पिठासारखे एकजीव कालवावे. एक भाग जास्त घेतला म्हणून लवकर वाळत नाही, उलट कायमचा चिकट राहतो. हा फट भरतो, जाड थरातही पक्का होतो. पंखे, मिक्सर, शिवणयंत्र यांच्या कठीण प्लॅस्टिकच्या बाहेरच्या आवरणांना मी हाच वापरते. पाच मिनिटांच्या जातीपेक्षा रात्रभर लागणारी जात बहुधा अधिक बळकट. मात्र उकळत्या पाण्याच्या उष्णतेला साधा इपॉक्सी मऊ पडतो.

तिसरे, नळवाल्याचे सोल्यूशन. ते फक्त पीव्हीसीचे. ते खऱ्या अर्थाने गोंदच नव्हे; ते नळीचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन नळ्या एकमेकींत मिसळून एक होतात. म्हणून लावल्यावर किंचित फिरवून आत ढकलायचे, अर्धा मिनिट धरून ठेवायचे आणि मी तरी दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी सोडत नाही. ते पेट घेते. शेगडी किंवा देवापुढची समई चालू असताना ते उघडू नका. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी नळ्यांचे सोल्यूशन वेगळे असते, तेही दुकानात सांगून घ्यावे.

चौथे, चपला-सँडलचे रबरी सोल्यूशन. वाकणाऱ्या वस्तूंना वाकणारा गोंद हवा. कोपऱ्यावरचा चांभार काय करतो ते नीट बघा. दोन्ही बाजूंना लावतो, दहा-पंधरा मिनिटे थांबतो, बोट लावून चिकटेनासे झाले की मग दाबतो. आपण ओले असतानाच दाबतो, म्हणून आपले सुटते.

आणि थर्मोकोलला यांपैकी एकही नाही. सोल्यूशन लावले तर थर्मोकोल विरघळून खड्डा पडतो. त्याला सुताराचा पांढरा, पाण्याचा गोंद. अर्थात सजावटीच्या थर्मोकोलवर आपल्या राज्यात २०१८ साली बंदी आली, तेव्हा मखराचा प्रश्न त्याबरोबरच मिटला.

कोणताही गोंद घ्या, चार गोष्टी सारख्याच. वस्तू साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा. तेलाचा हात लागलेल्या जागी काही चिकटत नाही. तुटलेल्या कडा गुळगुळीत असतील तर बारीक सँडपेपरने किंचित खरखरीत करा. मात्र झटपट गोंद लावायचा आणि तुकडे तंतोतंत बसत असतील तर घासू नका, फट पडते. गोंद लावण्याआधी तुकडे एकदा कोरडेच जुळवून पाहा. आणि जुळवल्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी किंवा रबरबँडने बांधून रात्रभर विसरून जा. खाली दुधाची धुतलेली पिशवी अंथरा. ती पॉलिथिनची, गोंद तिला धरत नाही. बादलीत ज्या गुणाने मला दगा दिला तोच गुण इथे ओटा वाचवतो.

झटपट गोंदाविषयी आणखी एक इशारा, तरुण सुनांनी विशेष ऐकावा. तो सुती कपड्यावर सांडला तर एकदम तापतो, धूर निघतो, भाजू शकते. म्हणून सुती पदर कमरेला खोचून बसा, आणि पुसायला कापूस किंवा सुती फडके घेऊ नका. बोटे चिकटली तर ओढू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. डोळ्यात उडाला तर पापण्या जबरीने उघडू नका, पाण्याने धुवून थेट डॉक्टरांकडे जा.

आता दुसरा प्रश्न. मला वाटते, हा पहिल्यापेक्षा मोठा आहे. वस्तू कशाची आणि गोंद कोणता हे सगळे जमले तरी तो विचारायचाच : हा सांधा सुटला तर कोणाला लागेल?

रिमोटचे झाकण सुटले तर कोणाला काही होत नाही. साबणदाणी सुटली तर साबण पडेल. पण कुकरचे हँडल सुटले तर? ते काळे हँडल बहुधा बेकेलाइटचे असते. १९०७ साली बेकलंड नावाच्या शास्त्रज्ञाने ते शोधले, ते तापवून वितळत नाही, म्हणून तर हँडलला वापरतात. पण त्याला लावलेला गोंद उष्णतेला टिकेलच असे नाही. कुकरचे हँडल चिकटवू नका, त्याच कंपनीचे नवे स्क्रूने बसवा. विजेचा प्लग, स्विचची पट्टी, इस्त्रीची मूठ फुटली तर चिकटवू नका, बदला. म्हातारे माणूस बसते ती खुर्ची, बाळाचा पाळणा, झोपाळ्याची कडी चिकटवू नका. पिण्याच्या पाण्याची बाटली आणि मुलांचा डबा यांना आतून गोंद लावू नका. हे गोंद खाण्यापिण्यासाठी केलेले नसतात. आणि गरम पाण्याची बादली, ती तर नाहीच.

कोणी म्हणेल, मग काटकसर कुठे राहिली? मी काटकसर सोडलेली नाही. गेल्या वर्षभरात मिक्सरचे बूड, पंख्याची जाळी अडकवायची खुंटी, शेजारच्या बाळाची रेल्वेगाडी, दोन सँडल आणि मोरीची नळी मी घरी दुरुस्त केली, आणि सगळी टिकून आहेत. पण त्या डिसेंबरात बादलीचे जे पैसे मी वाचवले त्याच्या कितीतरी पट मलमपट्टीला गेले. आणि आईंनी जे तीन आठवडे पाय वर करून काढले ते कुठल्या हिशेबात लिहायचे?

एक व्यवहाराची गोष्ट सांगून पुरे करते. रविवार पेठेत बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जाताना नुसते "चांगला गोंद द्या" म्हणू नका. मोडका तुकडा बरोबर न्या. तो कशाचा आहे, पाण्यात राहणार का, तापणार का, वाकणार का, हे चार शब्द सांगा. पहिल्यांदा मी असे सांगितले तेव्हा तिथल्या वयस्क दुकानदाराने मला पुढचे प्रश्न विचारले, आणि मी घ्यायला गेले होते ती ट्यूब न देता दुसरीच दिली. ती दहा रुपयांनी स्वस्त होती.

मंडळाच्या कपाटात मी एक डबा ठेवला आहे. त्यात सँडपेपर, चिमटे, इपॉक्सीची जोडी आणि एक वाटी आहे. ज्यांच्या घरी काही मोडके पडले असेल त्यांनी शनिवारच्या भजनाला येताना घेऊन यावे. आपण कपची पाण्यात टाकून पाहू. सांधण्याजोगे असेल ते सांधू. नसेल त्याला तसे स्पष्ट सांगू.

काल रात्री हे भाषण मी आईंना वाचून दाखवले. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "एवढं सगळं सांगणार आहेस, तर हेही सांग. ती बादली कान नसलेली तशीच आहे, आणि मी तिच्यात तुळस लावली आहे." तेही सांगितले.